वाचक विचारतात: फोर्ट कोचीला जाताना

दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्यांचे बेत सुरू झाले, की केरळबद्दलची पत्रं वाढतात. बहुतेकांच्या कार्यक्रमात कोची ‘मुन्नारला जाण्याआधीची दुपार’ एवढ्यापुरतीच असते. म्हणून या वेळी सगळी जागा फोर्ट कोची आणि मट्टनचेरी या बंदराकाठच्या जुन्या वस्तीला दिली आहे.

प्रश्न: आमची सहल शुक्रवारी सकाळी कोचीत पोचते आणि शनिवारी सकाळी मुन्नारला निघते. शुक्रवारच्या अर्ध्या दिवसात फोर्ट कोची होईल ना? (एक वाचक, नाशिक)

जागा पाहून होतील, पण नेमक्या ज्या पाहायच्या त्या नाहीत. मट्टनचेरीचा राजवाडा, म्हणजे ज्याला सगळे ‘डच पॅलेस’ म्हणतात तो, शुक्रवारी बंद असतो. तिथून पाच मिनिटांवरचं परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद असतं, आणि शुक्रवारी दुपारनंतरही त्याच्या भरवशावर राहू नये, कारण ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले रायगडकडचे ‘शनिवार तेली’, म्हणजे बेने इस्रायल ज्यू, ज्यांनी ऐकलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. याशिवाय ज्यू सणांच्या दिवशी सुट्टी असते ती वेगळीच.

सोमवारी इंडो-पोर्तुगीज संग्रहालय बंद असतं. रविवारी सकाळी दोन्ही मोठ्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असते, तेव्हा पाहुण्यांनी आत फिरणं बरं दिसत नाही आणि बऱ्याचदा सोडतही नाहीत. मंगळवार, बुधवार आणि गुरुवार हे तीन वार उत्तम. रविवारी जायचं झालं तर सकाळी मट्टनचेरी आणि दुपारी चर्च असा क्रम लावावा.

तुमची तिकिटं झालेली असतील तर सहल कंपनीला मुन्नार आधी आणि कोची शेवटी असा उलटा क्रम करता येतो का, ते विचारा. पुष्कळदा सहज होतं, कारण विमान आणि रेल्वे दोन्ही शेवटी कोचीहूनच असतात. आणि एक रात्र तरी फोर्ट कोचीतच काढा, पाण्यापलीकडच्या मुख्य शहरात, म्हणजे एर्नाकुळमच्या हॉटेलात नको. सकाळी सहा ते नऊ या वेळात ही वस्ती तिथल्या लोकांची असते. दहानंतर मोठ्या बसगाड्या येतात आणि क्रूझचं जहाज बंदराला लागलेलं असेल, तर ज्यू टाउनच्या अरुंद गल्लीत उभं राहायला जागा उरत नाही.

प्रश्न: पुण्याहून रेल्वेने येणार आहोत. स्टेशनवरून फोर्ट कोचीला कसं जायचं? वडील 76 वर्षांचे आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे. बोटीत चढणं जमेल का? (एक वाचक, पुणे)

शहरात मुख्य स्टेशनं दोन: एर्नाकुळम जंक्शन, ज्याला स्थानिक लोक ‘साउथ’ म्हणतात, आणि एर्नाकुळम टाउन, म्हणजे ‘नॉर्थ’. पनवेलमार्गे कोकण रेल्वेने येणाऱ्या नेत्रावती आणि मंगला या गाड्या जंक्शनला येतात. तरी तिकिटावर नीट बघून घ्या, कारण काही गाड्या फक्त टाउनला थांबतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागतं आणि गाड्या हळू धावतात. जून ते ऑक्टोबरमध्ये येत असाल तर पुढचं आरक्षण वेळेला अगदी चिकटून करू नका.

स्टेशनवरून रस्त्याने फोर्ट कोची बारा-तेरा किलोमीटर. तेवरा, विलिंग्डन बेट आणि तोप्पुंपडी असा वळसा पडतो आणि संध्याकाळी त्यात तास जाऊ शकतो. सामान जड असेल तर पहिल्या दिवशी टॅक्सीच करा. एरवी मात्र पाण्यावरून जा. एर्नाकुळमच्या काठापासून फोर्ट कोची साधारण वीस मिनिटं. एका बाजूला गोदी, दुसऱ्या बाजूला वैपीन बेट, मधून जाणारी मालवाहू जहाजं, आणि शेवटी किनाऱ्यावर ओळीने उभी चिनी जाळी. बंदराने हे गाव कसं घडवलं ते या वीस मिनिटांत डोळ्यांनी दिसतं, गाडीतून ते कळत नाही.

बोटी दोन प्रकारच्या. एक राज्य जलवाहतूक खात्याची जुनी फेरी. ती सुभाष पार्कजवळच्या मेन बोट जेट्टीवरून सुटते. तिकीट अगदी किरकोळ, म्हणून सुटे पैसे जवळ ठेवा. त्याच धक्क्यावरून इतर ठिकाणच्याही बोटी सुटतात, तेव्हा पाटी न बघता गर्दीमागून चढू नका, ‘फोर्ट कोची?’ असं विचारूनच पाय ठेवा. या बोटीची कड धक्क्यापेक्षा कधी वर तर कधी खाली असते. भरती-ओहोटीप्रमाणे फरक पडतो आणि बोट हलतही असते. दुखऱ्या गुडघ्यांना हा टप्पा अवघड जातो.

दुसरी वॉटर मेट्रो. ही सेवा एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली आणि फोर्ट कोचीचं टर्मिनल 2024 मध्ये जोडलं गेलं. वडिलांसाठी हीच घ्या. इथला धक्का तरंगता आहे. पाणी वर गेलं की धक्काही वर जातो, त्यामुळे धक्का आणि बोटीची फळी कायम एका पातळीत राहतात आणि चाकाची खुर्चीसुद्धा सरळ आत जाते. बोटी वातानुकूलित आणि बॅटरीवर चालणाऱ्या, कोचीन शिपयार्डमध्येच बांधलेल्या. फोर्ट कोचीसाठी हायकोर्ट टर्मिनलवरून बसायचं.

इथे तीन गोष्टींत लोक फसतात. पहिली म्हणजे वैट्टिला. तिथेही वॉटर मेट्रोचं मोठं टर्मिनल आहे, पण तिथली बोट काक्कनाडला जाते, फोर्ट कोचीला नाही. नकाशावर ‘वॉटर मेट्रो’ असा शोध घेऊन पर्यटक तिकडे जातात आणि तासभर घालवतात. दुसरी म्हणजे रांग. एका बोटीत साधारण 100 माणसंच घेतात आणि मोजून घेतात, 101 वा माणूस पुढच्या बोटीसाठी थांबतो. शनिवार-रविवारी अकरानंतर हायकोर्टला मोठी रांग लागते. सकाळी लवकर जा. तिसरी म्हणजे परतीची वेळ. सूर्यास्त बघून सगळे एकदमच परततात, आणि शेवटच्या बोटीची वेळ अधूनमधून बदलते. उतरल्या उतरल्या टर्मिनलवरची पाटी वाचून ठेवा.

हायकोर्टला फोर्ट कोचीची रांग फार मोठी दिसली तर एक तोड आहे. तिथूनच वैपीनची बोट घ्या आणि वैपीनहून फोर्ट कोचीला जाणाऱ्या रो-रोवर चढा. रो-रो म्हणजे मोटारी, दुचाक्या आणि माणसं एकत्र नेणारा सपाट तराफा. पलीकडे जायला काही मिनिटं लागतात. एखादी बोट दुरुस्तीला गेली की वाहनांची रांग लांबते, पायी माणसाला मात्र फारसा फरक पडत नाही. त्यावरचा उतार सपाट आहे, पण ओला असला तर घसरतो. वडिलांचा हात धरा.

प्रश्न: आम्ही दर रविवारी गड चढणारी मंडळी. फोर्ट कोचीतला किल्ला बघायला किती वेळ ठेवावा? (एक वाचक, ठाणे)

वेळ ठेवू नका, किल्ला राहिलेलाच नाही. पोर्तुगीजांनी 1503 मध्ये इथे फोर्ट इमॅन्युएल उभारला. भारतातला युरोपियनांचा हा पहिला किल्ला. 1663 मध्ये डचांनी तो घेतला आणि आटोपशीर केला, ब्रिटिशांनी 1806 मध्ये जवळजवळ सगळा पाडला. तटबंदी, दरवाजे, माची यांच्या शोधात आलात तर निराश व्हाल. किनाऱ्याजवळ बुरुजाचे अवशेष आहेत, आणि 1667 मधला बॅस्टियन बंगला एका डच बुरुजाच्या जागी उभा आहे, तिथे आता जिल्हा वारसा संग्रहालय आहे.

तुमच्यासारख्यांनी इथे रस्ते वाचावेत. प्रिन्सेस स्ट्रीट, बर्गर स्ट्रीट, रोझ स्ट्रीट हे किल्ल्याच्या आतल्या युरोपियन वस्तीचे रस्ते. परेड ग्राउंडभोवती फिरलात तर लष्करी कवायतीचं मैदान मधोमध आणि घरं भोवतीने, ही रचना लगेच कळते. मैदानाजवळचं व्हीओसीचं दार बघा. डच ईस्ट इंडिया कंपनीची मुद्रा आणि 1740 हे साल त्यावर आहे. घरांच्या भिंती जाड, छपरं उतरती आणि कौलारू, दारं थेट रस्त्यावर उघडणारी. सगळी फेरी सावकाश चालून दीड तासाची आहे.

प्रश्न: चिनी जाळ्यांचे फोटो खूप पाहिलेत. ती खरंच चालतात की फक्त पर्यटकांसाठी आहेत? कधी गेलं तर चालताना दिसतील? (एक वाचक, रत्नागिरी)

चालतात, पण सगळी एकाच वेळी नाही आणि दिवसभर तर नाहीच. का, ते यंत्रणा बघितली की उलगडतं. तुमच्याकडची डोल ओढीच्या तोंडाला बांधतात आणि पाण्याची ओढ मासळी आत लोटते. चीनवला, म्हणजे हे चिनी जाळं, तसं नाही. ते आडवं पसरून पाण्याखाली बसवायचं आणि वर पोहणाऱ्या मासळीसकट सरळ उचलायचं.

काठावर लाकडी फलाट, त्यावर उंच चौकट, साधारण 10 मीटर. तिच्या पाण्याकडच्या टोकाला वाकवलेल्या लांब काठ्या, आणि त्यांच्या टोकांना जाळ्याचे चार कोपरे. जाळ्याची रुंदी 20 मीटरच्या आसपास. चौकटीच्या जमिनीकडच्या टोकाला दोरांनी बांधलेले धोंडे लोंबतात, प्रत्येक फूटभर जाडीचा. या धोंड्यांकडे नीट बघा, खरी करामत तिथे आहे. सगळे दोर एका लांबीचे नसतात. जाळं वर येऊ लागलं की धोंडे खाली येतात आणि एकामागून एक फलाटावर टेकत जातात. टेकलेल्या धोंड्याचं वजन तराजूतून वजा होतं. त्यामुळे जाळं वर येताना कुठेच एकदम झेपावत नाही आणि मध्येच अडतही नाही. तोल इतका बारीक साधलेला असतो, की जाळं खाली सोडायला एक माणूस मुख्य वाशावर पाण्याच्या दिशेने चालत गेला तरी पुरतं, त्याच्या वजनाने सगळी चौकट कलते. उचलायला मात्र चार ते सहा जण दोर ओढतात.

जाळं पाण्याखाली काही मिनिटंच ठेवतात. प्रत्येक खेपेला थोडीशी मासळी, कोळंबी, कधी खेकडा, कधी नुसता कचरा. दिवसाचा हिशेब खेपांच्या संख्येवर बसतो.

आता वेळेचं. प्रत्येक जाळं ठरावीक खोलीलाच नीट चालतं. पाणी कमी असेल तर ते तळाला टेकतं, फार असेल तर मासळी वरून निसटते. म्हणून भरती चढत असताना जा. कोचीत भरती-ओहोटीतला फरक तुमच्या रत्नागिरीपेक्षा बराच कमी, मीटरभराच्या आतबाहेर, त्यामुळे किनारा बघून अंदाज लागत नाही. तक्त्यात कोचीची वेळ पाहून ठेवा. भरती पहाटे असेल तर सोन्याहून पिवळं, कारण सकाळी सातच्या आत गर्दी नसते आणि काम कामासारखं चालतं. संध्याकाळी फोटोसाठी उजेड सुंदर मिळतो, पण तेव्हा काही जाळी पर्यटकांसाठीच उचलली जातात.

फलाटावर बोलावून दोर ओढायला देतील. जरूर जा, मात्र आधी ‘किती द्यायचे’ हे विचारा. काम झाल्यावर विचारलंत तर घासाघीस होते आणि दोघांनाही वाईट वाटतं. या माणसांचं मासळीवर भागत नाही, तेव्हा ठरलेले पैसे मोकळ्या मनाने द्या. फलाटाच्या फळ्या शेवाळलेल्या आणि काही कुजलेल्या असतात. चपला काढू नका, लहान मुलांना तिथे नेऊ नका.

पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे बॅकवॉटरमधून जलपर्णीचे तांडे वाहत येतात. ती जाळ्यात भरली की उचलणं अशक्य होतं, मग जाळी वर टांगून ठेवतात. जानेवारीपर्यंत पाणी खारं होत जातं आणि जलपर्णी मरते. काही जाळ्यांना आता सागवानी वाशांऐवजी लोखंडी पाइप दिसतील. त्यावर नाराज होऊ नका. एवढ्या लांबीचं सरळ सागवान मिळणं आणि परवडणं दोन्ही अवघड झालं आहे.

प्रश्न: सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे म्हणतात. पण तो तर पोर्तुगालमध्ये पुरलेला आहे ना? (एक वाचक, कोल्हापूर)

दोन्ही बरोबर. 24 डिसेंबर 1524 ला तो कोचीत वारला आणि या चर्चमध्ये पुरला गेला. साधारण 14 वर्षांनी अवशेष पोर्तुगालला नेले. आज कठड्याच्या आत जमिनीत दिसते ती रिकाम्या कबरीवरची शिळा.

लोक ती शिळा बघून पाच मिनिटांत बाहेर पडतात. भिंती बघितल्याशिवाय निघू नका. जमिनीतल्या थडग्यांच्या शिळा काढून दोन्ही बाजूंच्या भिंतींत उभ्या बसवल्या आहेत: उत्तरेला पोर्तुगीज, दक्षिणेला डच. वर लांबलचक कापडी पंखे आहेत, त्यांचे दोर बाहेरून ओढायचे. चर्चचा इतिहास तीन सत्तांचा आहे. पोर्तुगीजांचं आधी लाकडी, मग 1516 मध्ये पक्कं बांधलेलं कॅथलिक चर्च, डचांच्या काळात प्रॉटेस्टंट, ब्रिटिशांच्या काळात अँग्लिकन. म्हणूनच ते टिकलं, कारण प्रत्येकाने वापरलं.

इथून थोड्या अंतरावरच्या सांताक्रूझ बॅसिलिकाचं नशीब वेगळं. पोर्तुगीजांचं मूळ कॅथेड्रल डचांनी कोठार म्हणून वापरलं आणि ब्रिटिशांनी पाडलं. आजची इमारत 1905 ची. आतली रंगवलेली छतं आणि चित्रं अंतोनियो मोस्केनी या इटालियन धर्मबंधूची आहेत, ज्याने मंगळूरचं सेंट अलॉयशियस चॅपल रंगवलं. इमारतीच्या अभिषेकाच्या काही दिवस आधीच तो कोचीत वारला. जुन्या कॅथेड्रलचा एक दगडी खांब आवारात उभा आहे, तो चुकवू नका.

प्रश्न: मट्टनचेरीत नेमकं काय बघावं आणि कुठल्या क्रमाने? शिवाय तिथे कोकणी बोलणारे लोक आहेत असं ऐकलंय, ते खरं का? (एक वाचक, गिरगाव, मुंबई)

सकाळी आधी राजवाडा. पाटी ‘डच पॅलेस’ म्हणत असली तरी सोळाव्या शतकाच्या मध्यावर तो पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला. डचांनी 1663 नंतर दुरुस्त केला एवढंच. बाहेरून अगदी साधा, मधोमध चौक आणि चौकात पळयन्नूर भगवतीचं देऊळ. आत गेल्यावर लगेच पालख्या आणि पोशाखांकडे वळू नका. राजाच्या शयनगृहात रामायण भिंतभर रंगवलं आहे, पुत्रकामेष्टीपासून पुढे. आकृत्या एकमेकींना इतक्या खेटून आहेत, की पहिल्या नजरेला नुसता गेरू आणि हिरवा रंग दिसतो. एक आकृती धरा, राम किंवा हनुमान, आणि ती पुन्हा कुठे येते ते शोधत जा, मग गोष्ट उलगडते. खालच्या मजल्यावर उतरणारा जिना अरुंद आहे आणि पुष्कळ जण तिथूनच परत फिरतात. खाली गोपींमध्ये रमलेला कृष्ण आहे, तो बघण्यासाठी उतराच. फ्लॅश चालत नाही आणि फोटोला मनाई असते. दीड तास ठेवा.

मग चालत सिनेगॉग. ते दुपारी एक ते तीन बंद असतं, म्हणून साडेअकरापर्यंत पोचा. 1568 मध्ये बांधलेलं, राजाने वाड्याला लागून दिलेल्या जागेवर. वाड्यातलं देऊळ आणि सिनेगॉग यांच्या मध्ये एकच भिंत. चपला बाहेर काढायच्या, कारण जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशा चीनमधून आलेल्या आणि हाताने रंगवलेल्या आहेत. कुठलीही एक फरशी दुसरीसारखी नाही. खाली बसून चार शेजारच्या फरशांतली विलोची झाडं ताडून बघा. हाफ पँट आणि बिनबाह्यांचे कपडे घालून आत सोडत नाहीत. इथले बहुतेक ज्यू 1948 नंतर इस्रायलला गेले. घरं राहिली, त्यांची दुकानं झाली. दारांच्या चौकटींवर आणि खिडक्यांच्या गजांवर जुन्या खुणा अजून दिसतात.

आता कोकणीचं. खरं आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबं इथल्या राजाच्या आश्रयाला आली. मट्टनचेरीतली चेरलाय ही त्यांची वस्ती, आणि व्यंकटेशाचं तिरुमल देवस्वम हे त्यांचं मुख्य देऊळ. कुडुंबी समाजही कोकणीच बोलतो. 1675 मध्ये डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडच्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या मलबारी वनस्पतींच्या ग्रंथासाठी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोचीच्या तीन वैद्यांनी जे प्रमाणपत्र लिहून दिलं, ते नागरी लिपीतल्या कोकणीत आहे. पुढे तो ग्रंथ ॲमस्टरडॅमला 12 खंडांत छापला गेला, त्यात हे पान तसंच्या तसं आहे. गिरगावातल्या माणसाला चेरलायच्या रस्त्यावरची कोकणी थोडं कान देऊन ऐकली तर बरीच कळते. देवळात पुरुषांना शर्ट-बनियन काढावा लागतो, आणि दुपारी देऊळ बंद असतं, सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी जा. तिथून गुजराती रोडवरचं जैन मंदिर चालण्याच्या अंतरावर आहे. एका मैलाच्या आत इतके समाज नांदतात, आणि आम्हाला विचाराल तर मट्टनचेरीचं खरं वैभव तेच आहे, वाडा त्यानंतर.

प्रश्न: रिक्षावाले 50-100 रुपयांत सगळं फोर्ट कोची दाखवतो म्हणतात. घ्यावी का? (एक वाचक, सांगली)

एवढ्या पैशांत फेरी परवडत नाही, म्हणून उरलेले पैसे दुकानांच्या कमिशनमधून निघतात. तुम्हाला दोन-तीन मोठ्या ‘एम्पोरियम’मध्ये थांबवतील. घ्यायचीच असेल तर आधीच सांगा: दुकान नाही, अमुक तीन ठिकाणं, इतके तास, आणि त्याचं रास्त भाडं. फोर्ट कोची ते मट्टनचेरी अंतर अडीच किलोमीटरच्या आत आहे. जाताना बाजार रोडने चालत जा, येताना मीटरवर किंवा ठरवून रिक्षा करा.

प्रश्न: घरातले निम्मे शाकाहारी, निम्मे मासेखाऊ. जेवणाचं काय? जाळ्यांजवळ मासे निवडून शिजवून मिळतात, ते घ्यावेत का? (एक वाचक, डोंबिवली)

शाकाहारींनी मट्टनचेरीत गुजराती रोड गाठावा. सकाळी अप्पम आणि भाजीचा स्ट्यू, किंवा पुट्टू आणि कडला (काळे चणे) कुठेही मिळतं. फक्त स्ट्यू शाकाहारी आहे ना, हे विचारून घ्या, तोच शब्द मटणालाही वापरतात.

मासेखाऊंनी करीमीन जरूर खावा. मालवण-गोव्याकडे ज्याला काळुंदर म्हणतात, तोच हा खाडीतला मासा. मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजतात, ते करीमीन पोळ्ळिच्चद. काटे पुष्कळ, मुलांना जपून द्या. सुरमईला इथे नेय्मीन, बांगड्याला अयला आणि पापलेटला आवोली म्हणतात.

जाळ्यांजवळच्या टपऱ्यांवरची बहुतेक मासळी त्या जाळ्यांतली नसते, ट्रॉलरवरून आलेली असते. त्यात गैर काही नाही, पण ‘आत्ताच काढली’ म्हणून जास्त भाव देऊ नका. कल्ले लाल, डोळे फुगीर आणि बोटाने दाबलेला खळगा भरून येणारा असं बघून घ्या. वजन तुमच्यासमोर करवा. शिजवणावळ वेगळी पडते, ती आणि पदार्थाची पद्धत मासे घेण्याआधी ठरवा. 9 जूनच्या मध्यरात्रीपासून 31 जुलैपर्यंत केरळात ट्रॉलिंगबंदी असते, त्या काळात हा बेत ठेवू नका.

प्रश्न: मुलांना समुद्रात डुंबायचंय. फोर्ट कोचीचा किनारा चालेल का? (एक वाचक, लातूर)

नाही. ही बंदराच्या तोंडाची जागा आहे, मोठी जहाजं जाण्यासाठी खोल खणलेली वाट किनाऱ्यालगत आहे आणि ओहोटीला बॅकवॉटरचं पाणी जोराने बाहेर ओढतं. वाळूही बरीच धुपली आहे. मुलांना रो-रोने पलीकडे नेऊन वैपीन बेटावरच्या चेराई किनाऱ्यावर न्या, आणि तिथेही जीवरक्षक असतील त्याच टप्प्यात उतरवा.

प्रश्न: 31 डिसेंबरला जावं का? आणि बिएनाले कधी असतं? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

कोची-मुझिरिस बिएनाले हे कलाप्रदर्शन 12 डिसेंबर 2012 ला सुरू झालं. दर दोन वर्षांनी, साधारण डिसेंबर ते मार्च. मुख्य जागा अ‍ॅस्पिनवॉल हाउस, किनाऱ्यालगतची व्यापारी कंपनीची जुनी वखार. कलेत रस नसला तरी जा, कारण एरवी बंद असणाऱ्या वखारींची दारं तेव्हा उघडतात. खोल्यांचे दर चढतात, दोन-तीन महिने आधी बुकिंग करा. कौलारू जुन्या घरांतल्या होमस्टेत जिने उभे आणि लाकडी असतात, ज्येष्ठांसाठी तळमजला मागून घ्या. डास भरपूर, मच्छरदाणी आहे का तेही विचारा.

31 च्या मध्यरात्री ‘पापाञ्ञी’ हा म्हाताऱ्याचा प्रचंड पुतळा जाळतात. गर्दी अफाट असते, वाहनं लांब अडवतात, आणि नंतर बोटीसाठी हजारो लोक एकदम धक्क्यावर येतात. खोली फोर्ट कोचीत चालत जाण्याच्या अंतरावर असेल तरच जा. लहान मुलं बरोबर असतील तर 27-28 तारखेला येऊन वर्षअखेरचा कार्निव्हल बघावा आणि 31 ला निघून जावं.

प्रश्न: मट्टनचेरीतून मसाले आणावेत का? खरे-खोटे कसे ओळखायचे? (एक वाचक, सातारा)

आणा, पण अख्खे आणा, पूड नको. निघण्याआधी आपल्या गावातला भाव बघून ठेवा. ज्यू टाउनमधली सजवलेली दुकानं पर्यटकांच्या भावाने विकतात. बाजार रोडवरच्या वखारी पोत्यांचा व्यवहार करतात, पण त्याच भागातल्या साध्या किराणा दुकानांत शंभर-दोनशे ग्रॅम सहज मिळतं.

मिरी: दाण्याच्या आकारावरून प्रत ठरते. सगळ्यात मोठी ‘टीजीएसईबी’, 4.75 मिलिमीटरच्या वरची. त्याखालची ‘टीजीईबी’, 4.25 च्या वरची. घरच्या वापराला दुसरी पुरे. मूठभर मिरी पाण्यात टाका. भरीव दाणे बुडतात, पोकळ तरंगतात, आणि भेसळीची पपईची बीही तरंगते. पपईची बी लांबट असते, मिरी गोल.

वेलदोडा: गर्द हिरवा रंग बघून भुलू नका. ओल्या पांढऱ्या रुमालावर चोळा, हिरवा डाग पडला तर रंगवलेला आहे. सोलून दाणे काळे आणि चिकट आहेत ना ते बघा.

दालचिनी: पातळ पापुद्र्यांची, सिगारेटसारखी गुंडाळी असेल तर खरी. जाड, एकाच सालीची, कडक असेल तर ती कॅशिया, कितीही ‘सिलोन’ म्हणून विकली तरी.

जायफळ कवचासकट घ्या, वास जास्त दिवस टिकतो. हलवून बघा, आत खुळखुळलं तर नीट वाळलेलं आहे.

कुडंपुळी ही काळी, धुरावलेली आंबट साल पाहून कोकणातले लोक आमसूल समजून घेतात. ती कोकमाची बहीण, पण सोलकढीत घातली तर धुराचा वास येतो. माशाच्या लाल कालवणातच वापरा: अर्धा किलो माशाला दोन-तीन पाकळ्या, कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून, पाण्यासकट. पहिल्या वेळेला दोनच घाला, कारण कालवण रात्रभर राहिलं की आंबटपणा वाढतो. विमानाने येत असाल तर मसाल्याच्या पुड्या हातातल्या बॅगेत ठेवू नका, तपासणीत अडतात. चेक-इन सामानात टाका, आणि कुडंपुळी दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर सगळ्या कपड्यांना तिचा वास लागतो.